आधी चावी फिरवा

रावमामांची आणि माझी ओळख त्यांनी माझ्या गाडीच्या खिडकीतून हात आत घातला तेव्हा झाली. परक्या बाईच्या गाडीत न विचारता हात घालणाऱ्या माणसाबद्दल जे वाटायला हवं, तेच मला वाटलं. मी ऑफिसातून दमून आले होते. चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीच्या आमच्या गल्लीत एक गाय आडवी बसली होती, मागे पाण्याचा टँकर हॉर्न वाजवत होता, आणि समोर वेष्टी नेसलेला, कपाळावर गोपीचंदन लावलेला एक उंच म्हातारा माझ्या बॉनेटवर थापा मारत तमिळमध्ये ओरडत होता. मला वाटलं, गाय ह्याचीच असणार. मी काच खाली केली. त्याने हात आत घातला, चावी फिरवून गाडी बंद केली आणि चावी काढून स्वतःच्या मुठीत ठेवली.

"काय कटकट आहे!" मी माझ्याशीच म्हटलं.

"कटकट मी करत नाही, मॅडम. तुमचं इंजिन करते अहे," तो मराठीत म्हणाला. "दिवा कोठपासून लागलाय?"

दिवा माउंट रोडपासून लागलेला होता. झारीच्या आकाराचा, लाल, झारीच्या तोंडाशी एक थेंब. गाडीत असे बरेच दिवे असतात, आणि सर्व्हिसिंगची आठवण करून देणं एवढंच त्यांचं काम, अशी माझी समजूत होती. तसं मी सांगितलं. त्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर पुढे पाच-सहा वर्षं मला पुष्कळदा पाहायला मिळाली. तिच्यात राग नसायचा. ऐकून ऐकून कंटाळलेल्या डॉक्टरसारखी ती नजर होती.

गाडी तिथेच राहिली. टँकरवाला शिव्या देऊन मागे गेला. मामांनी मला त्यांच्या ओट्यावर बसवलं, घरातून कॉफी मागवली आणि कॉफी संपेपर्यंत गाडीला हात लावला नाही. तेल खाली उतरू द्यावं लागतं म्हणे. मग बॉनेट उघडून त्यांनी तेलाची पट्टी उपसली, वेष्टीच्या काठाला पुसली, परत घातली, परत काढली आणि मला दाखवली. पट्टी कोरडी ठणठणीत होती. खाली वाकून त्यांनी गल्लीच्या तोंडापासून आलेली काळ्या थेंबांची रांग दाखवली. आदल्या आठवड्यात तेल बदलणाऱ्याने खालचा बोल्ट नीट आवळला नव्हता.

"आणखी थोडं चालवलं असतं तर?" मी विचारलं.

"तर मग एकडे थांबवायला मी लागलो नसतो. स्वतःच थांबली असती. कायमची." एवढं बोलून त्यांनी आतल्या बाजूला पाहून हाक मारली, "कमला, मॅडम मराठी अहेत!"

आतून कमलामामी आल्या. त्यांनी आधी वेष्टीचा काळा काठ पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "ह्यांस इंजिन दिसलं कां वेष्टी दिसत नाही. जेवून जा, हां? अंबटवरण अहे."

असे हे सेतुमाधव राव. तंजावरकडचं घराणं, इथेच जन्म, इथेच शिक्षण. शहराबाहेरच्या संरक्षण कारखान्यात इंजिनं तपासायच्या शेडमध्ये त्यांनी आख्खी नोकरी काढली. नवीन इंजिन चौकटीवर बसवायचं, सुरू करायचं आणि त्याच्यासमोर उभं राहून तेलाच्या दाबाचा काटा बघत राहायचं. ह्या कामाने त्यांना दोन गोष्टी दिल्या. एक, मोठ्याने बोलायची सवय, कारण शेडमध्ये हळू बोललेलं ऐकू येत नसे. आणि दुसरी, आपण म्हणतो तेच बरोबर ही खात्री. ह्या दुसऱ्या गोष्टीने गल्ली हैराण होती. गल्लीत कोणाची गाडी सुरू झाली की हे ओट्यावरून कान देणार, आणि मग बोलावलं नसताना जाऊन "टॅपेट बघून घ्या" म्हणून सांगणार. मामांची मराठी ऐकायला मला मात्र आवडायची. तिच्यात 'मज', 'तुम्हांस' असे आमच्याकडे पोथीत उरलेले शब्द होते आणि चाल सगळी तमिळ. भांडतानासुद्धा ते गाण्याच्या तालमीला बसल्यासारखे वाटत.

गाडी सुरू करायची त्यांची एक रीत होती. चावी अर्धी फिरवायची आणि थांबायचं. समोर लाल झारी लागली की मोठ्याने म्हणायचं, "लागला." मग इंजिन सुरू करायचं. झारी विझली की म्हणायचं, "गेला." त्यानंतरच गियर. मला त्यांनी हे संध्येसारखं शिकवलं. "आधी लागला पाहिजे, मग गेला पाहिजे. मुळीच लागला नाही तर काय समजायचं?" ते विचारत. मी म्हणे, सगळं ठीक आहे. "नाही! दिवा मेला अहे समजायचं. लागलेल्या दिव्यापेक्षा न लागणारा वाईट. कां म्हटलं तर, तो खोटं सांगतो." टॅक्सीत बसले तरी मागून वाकून ते झारी बघत, आणि ड्रायव्हरने घाई केली तर त्याला पुन्हा चावी फिरवायला लावत. एक-दोन ड्रायव्हरांनी त्यांना उतरवून दिलं होतं.

आणि चालत्या गाडीत दिवा लागलाच, तर एकच नियम. आधी चावी फिरवा. बाजूला घ्यायला जागा असेल तर घ्या, नसेल तर आहात तिथे. बाकीचा विचार नंतर. तेल कमी आहे का, गळतंय का, दिव्याची तार सुटली आहे का, पंप गेलाय का, हे सगळं इंजिन बंद झाल्यावर शोधायचं. "लोक उलट करतात. चालवत चालवत विचार करतात. घर जवळ अहे म्हणतात. घर जवळ अहे म्हणून इंजिनास कळतं काय?"

ह्या नियमापायी त्यांनी टी. नगरात एका नवरीला रस्त्यावर उतरवलं होतं. गोष्ट माझ्या आधीची, पण गल्लीत ती इतक्यांदा सांगितली गेली की मीही लग्नाला होते असं मला वाटायला लागलं आहे. नवरी कमलामामींच्या भावाची मुलगी. मामांची गाडी मोठी आणि स्वच्छ, म्हणून नवरीला हॉलवर न्यायचा मान त्यांना मिळाला. साड्यांच्या दुकानांच्या गर्दीत दिवा एकदा फडफडला. मामांनी चावी फिरवली. मागे बसेसची रांग लागली, मुहूर्त जवळ आलेला, नवरीचा बाप फोनवर रडकुंडीला. मामा बॉनेटमध्ये वाकलेले. शेवटी नवरी शालूचा घोळ हातात धरून रिक्षात चढली आणि मांडवात पोचली. दोष निघाला दिव्याच्या तारेत. इंजिनाला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं.

"म्हणजे उगाच थांबलात," मी एकदा मुद्दाम डिवचलं.

"उगाच कसं? तार म्हणून मज कसं कळलं? थांबलों म्हणून कळलं. मुहूर्त दुसरा मिळतो, क्रँकशाफ्ट मिळत नाही."

ते मेहुणे पुढे त्यांच्याशी दोन वर्षं बोलले नाहीत. मामांना त्याचं काही वाटलं असं दिसलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी, असं मामी म्हणायच्या, आणि हसायच्या. मामींचं हसणं फार छान होतं. सगळा चेहरा हसायचा, कपाळावरच्या मोठ्या लाल पोट्टूसकट. आपण जिला टिकली म्हणतो तिला त्या पोट्टू म्हणत.

मग मामींच्या किडन्या गेल्या.

हे मी एका वाक्यात लिहिते, कारण ते घडलं तेही तसंच. एका उन्हाळ्यात त्यांचे पाय सुजले आणि पावसाळ्याआधी एग्मोरच्या हॉस्पिटलात डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी जायचं, दुपार टळल्यावर यायचं. ज्यांनी हे घरात पाहिलं आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून समजत नाही. त्यात मोठं असं काही घडत नाही. फक्त माणूस थकत जातं आणि त्याच्या बरोबरचं माणूसही. मुलगा परदेशात. तो फोन करायचा आणि टॅक्सी करा म्हणायचा. टॅक्सीवाले आमच्या गल्लीचं नाव पाहिलं की येणं रद्द करायचे. रिक्षातून एकदा आणलं तर मामींना वाटेत दोनदा ओकारी झाली आणि हातातल्या सुईच्या जागेतून रक्त आलं. त्यानंतर मामांनी आपल्या गाडीचं पुढचं डावं सीट उचकटून काढलं. मामी मागे बसून पाय पुढे लांब करू शकतील अशी सोय झाली. उशी, पंखा, प्लॅस्टिकची बादली, सगळं त्या मोकळ्या जागेत बसलं. मी माझी गाडी तोवर विकली होती. चेन्नईच्या रहदारीत चालवायचा मला वीट आला होता, नाहीतर वापरा म्हणून दिली असती.

कूवमच्या पुलावर एका सकाळी दिवा लागला. मी गाडीत होते, कारण त्या दिवशी मला सुट्टी होती आणि मामींना सोबत हवी होती. मामांनी चावी फिरवली. पूल, ऊन, खालून नदीचा तो वास, मागे हॉर्न. बॉनेट उघडून मामा कॉफी संपेपर्यंतचा तो वेळ थांबले. कॉफी मात्र नव्हती. मी पंख्याने मामींना वारा घालत होते. त्यांचे ओठ पांढरे पडत चालले होते. पट्टीवर तेल पुरेसं होतं. खाली गळती नव्हती. तार जागेवर होती. मामा परत येऊन बसले, सुरू केलं, झारी गेली. पुढच्या सिग्नलला परत आली. त्यांनी परत चावी फिरवली.

आम्ही पोचलो तोवर मामींची खाट दुसऱ्याला दिली होती. संध्याकाळपर्यंत बाकावर थांबावं लागलं आणि रक्त पूर्ण वेळ शुद्ध झालं नाही ते नाहीच. त्या रात्री मामींना धाप लागली. दुसऱ्या दिवशी मामा ओट्यावर आले नाहीत. मला त्यांचा राग आला होता आणि तो मी लपवला नाही. "माणूस आत तडफडतंय आणि तुम्ही इंजिन बघताय!" असं मी त्यांच्या तोंडावर म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. हा त्यांचा स्वभाव नव्हता.

आठवडाअखेरीस त्यांनी जुन्या कारखान्यातल्या मित्राकडून दाबाचा काटा आणला. तेलाचा दाब उतरला की दिवा लावणारं बटण इंजिनातून काढून त्या जागी काट्याची नळी बसवली आणि इंजिन सुरू केलं. मी शेजारी उभी होते. इंजिन थंड असताना काटा वर होता. गरम झाल्यावर, गाडी नुसती उभी ठेवली की काटा खाली खाली यायचा, आणि ॲक्सिलरेटर दाबला की चढायचा. मामा बराच वेळ ते बघत राहिले. मग त्यांनी इंजिन बंद केलं.

"ह्या वेळी तार नाही," ते म्हणाले. "बेअरिंगं झिजली अहेत. दिवा खरं सांगतो अहे."

"मग?"

"उघडायला हवं. पंधरवडा लागेल, जास्तच. आणि पंधरवडा ती कशी जाणार?"

मी म्हटलं, मामा, काहीतरी करू, भाड्याची गाडी बघू. एखादी मिळालीही असती. पण सीट काढलेली, खाली उतरताना धरायला दोरी बांधलेली, तिच्या सवयीची ही एकच गाडी होती. मामी आता अनोळखी वाहनाच्या दारापाशीच कापायला लागायच्या. मामांनी इंजिनात जाड तेल घातलं. त्याने काही दिवस निघतील म्हणाले, बरं होणार नाही. मी उगाच शहाणपणा करायला गेले. म्हटलं, माणसाचंही असंच असतं की मामा, शरीरही दिवा दाखवतं.

"नाही हां, मॅडम!" ते एकदम ओरडले, पूर्वीसारखे. "तसलं बोलायचं नाही. इंजिन बंद करता येतं. चावी फिरवली, झालं, सावकाश बघा. तिला कोठ बंद करू?"

असल्या उपमा मी तेव्हापासून कानाला खडा लावून सोडल्या.

नंतर आली आयुध पूजा. त्या दिवशी आमच्या गल्लीत सायकलीपासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळ्याला चंदन-कुंकू लागतं. मामांच्या गाडीलाही लागलं. चाकांखाली लिंबं ठेवली, पुढे झेंडूची माळ, स्टिअरिंगला चंदन, मीटरच्या काचेवर कुंकवाची बोटं. मामी खुर्चीवर बसून सांगत होत्या आणि मी लावत होते. मला आत निरांजन आणायला पाठवलं. परत आले तेव्हा मामी गाडीत पुढे वाकलेल्या होत्या आणि त्यांच्या कपाळावर पोट्टू नव्हता.

तो काचेवर होता. इतर ठिपक्यांमध्ये एक लाल ठिपका, नेमका झारीवर.

"मामी!"

"हळू बोल. मी मागे पडलेली असते नां, मज आरशात त्यांचं तोंड दिसतं. सिग्नल आला, दिवा लागला, कां त्यांचं तोंड बघवत नाही. जन्मभर लोकांना थांबा सांगटले, आता स्वतः थांबायचं नाही. किती सोसावं माणसाने? दिसला नाही तर बरं. त्यांस वाटू दे बरा झाला म्हणून. तू सांगू नको."

मी सांगितलं नाही. पण त्या बाईला एवढंही सुचू नये ह्याचं मला नवल वाटलं. जो माणूस टॅक्सीवाल्यालाही 'लागला, गेला' केल्याशिवाय हलू देत नाही, त्याला पहिल्याच चावीला कळणार नाही? इतक्या वर्षांचा संसार झाला तरी एवढी साधी गोष्ट विसरावी! दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलचा वार होता. मी मुद्दाम खिडकीत उभी राहिले. मामांनी चावी अर्धी फिरवली, काचेकडे पाहिलं आणि थांबले. जरा जास्तच थांबले.

"लागला," ते मोठ्याने म्हणाले. मग इंजिन सुरू केलं. "गेला," म्हणाले, आणि मागे वळून मामींना म्हणाले, "बघ, जाड तेलाने ठीक झालं."

मी खिडकीपासून बाजूला झाले आणि रडले. मला रडायला येतं तेव्हा आधी राग येतो, त्यामुळे स्वयंपाकघरात बरीच भांडी आदळली.

त्यानंतर ते कानाने गाडी चालवायला लागले. उन्हातही आपली काच खाली. प्रत्येक सिग्नलला इंजिन बंद, कारण उभ्या गाडीतच दाब पडतो. जास्त वळसा पडला तरी चालेल पण कमी थांबावं लागेल असे रस्ते त्यांनी शोधून काढले होते. ओट्यावरचं त्यांचं ओरडणंही थांबलं. गल्लीतली कोणाचीही गाडी कसाही आवाज करत जावो, ते मान वर करत नसत. एकदा मीच विचारलं, मामा, पोट्टूचं तुम्हाला माहीत आहे ना?

"तिला सांगू नका," ते म्हणाले. "तिची एवढी एकच गोष्ट अहे, जी ती माझ्यासाठी अजून करू शकते." मग म्हणाले, "गाडी तिच्या आधी जायला नको. तेवढं झालं कां बास."

देवाकडे माणसं काय काय मागतात. हा माणूस ते रोज मागत होता, आणि त्याचा अर्थ त्याला पुरता ठाऊक होता.

मार्गळीच्या महिन्यात, म्हणजे आपल्या धनुर्मासात, एका पहाटे मामी घरीच गेल्या. दारातल्या रांगोळ्या घालून व्हायच्या होत्या. तेराव्याला जेवणं झाल्यावर मामा माझ्याजवळ येऊन बसले. दारातल्या गाडीकडे पाहत राहिले. नंतर म्हणाले, "टिकली." मी हो म्हटलं.

महिन्याभरात त्यांनी इंजिन उघडवलं. आता पंधरवडा काय, वर्ष लागलं तरी चाललं असतं. झिजलेली बेअरिंगं त्यांनी मला बोलावून दाखवली. वरचा थर जाऊन खालचं तांबं दिसत होतं. आणखी फार दिवस निघाले नसते, एवढंच ते म्हणाले. नवी बसली, पंप नवा बसला, आणि गाडी इतकी शांत चालायला लागली की गल्लीतून गेलेली कळायची नाही. पण ती जायचीच कुठे? मामा आठवड्यातून एकदा सुरू करायचे, समोर बसायचे आणि बंद करायचे.

मग माझी बदली त्रिचीला झाली. सामान आधीच ट्रकने गेलं होतं. सकाळच्या गाडीला एग्मोर स्टेशनवर सोडतो म्हणून मामा हट्टाला पेटले. मी नको म्हटलं नाही. पुढे सीट नव्हतंच, म्हणून मी मागे बसले आणि बॅग पायाशी घेतली. रस्ताभर ते त्रिचीच्या उन्हाबद्दल बोलले, तिथे कोणाची कॉफी घ्यायची नाही ते सांगितलं. मीही ऐकत होते, त्यामुळे आम्ही कोणत्या वळणाला वळलो ते माझ्या ध्यानात आलं नाही. गाडी थांबली तेव्हा मी बाहेर पाहिलं. आम्ही हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये होतो.

मी काही म्हणायच्या आत मामा उतरले होते. पलीकडून वळसा घालून आले, माझ्या बाजूचं दार उघडलं, एक पाय पायरीला टेकवून वाकले आणि हात पुढे केला. पहारेकऱ्याने त्यांना ओळखलं आणि चाकांची खुर्ची ढकलत आणली. मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं, ते मला दिसलं. पण हात तसाच राहिला. मागे घ्यायचा कसा, ते त्यांना सुचत नव्हतं.

मी तो हात धरला आणि उतरले. बॅग घेतली. खुर्ची नको म्हणून पहारेकऱ्याला सांगितलं.

"स्टेशन एकडून जवळच अहे," मामा म्हणाले.

"हो. मी रिक्षाने जाते, मामा. तुम्ही दमलात."

"दमलों," ते म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

रिक्षात बसून मी वळून पाहिलं. मागे एक ॲम्ब्युलन्स येऊन थांबली होती आणि पहारेकरी गाडी काढा म्हणून शिटी वाजवत होता. मामा मागचं दार धरून उभे होते, आणि ते लावत नव्हते.